चिठ्ठी न बघता कवटी ओळखायची: माकड, वानर, कपी आणि माणूस

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टेबलावर कवट्या मांडलेल्या असतात. प्रत्येकीखाली नावाची चिठ्ठी. आपण चिठ्ठी पाठ करतो, चार लक्षणं लिहितो, मार्क पडतात. रात्रीत कुणी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, तरी निम्म्या उत्तरपत्रिका तशाच राहतील. ज्यांना चिठ्ठीशिवाय कवटी ओळखायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय: बीएस्सी-एमएस्सीची मुलं, माणसाची कवटी तोंडपाठ असलेले पण शेजारी माकडाची ठेवली की अडखळणारे मेडिकलवाले, आणि निव्वळ हौशी लोक. सुरुवात कोल्हापुरात बसून करता येते. बराच पल्ला इथेच गाठता येतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. कवटी हातात आली की मनात पहिला प्रश्न येतो, "ही माणसाच्या किती जवळची?" हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवा. आधी वय, मग नर की मादी, मग दात, डोळे, कान, मेंदूची जागा. या विषयातले मोठमोठे लोक फसले, ते याच प्रश्नाची घाई केल्यामुळे. त्यांच्या गोष्टी आठव्या पायरीत आहेत.

नावांचं एवढं ठरवून घेऊ: माकड म्हणजे आपल्याकडचं डोक्यावर केसांची टोपी असलेलं टोपी माकड, वानर म्हणजे काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं, आणि कपी म्हणजे बिनशेपटीचे गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी.

१. आधी कायदा आणि तब्येत

राधानगरी, दाजीपूर, आंबोली या बाजूला फिरणाऱ्यांना कधीतरी वाटेत हाडं दिसतात. उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेला संरक्षित वन्य प्राणी आणि त्याची हाडं ही सरकारची मालमत्ता असते. सापडल्यावर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वन विभागाला कळवावं लागतं. "अभ्यासासाठी घेतली होती" हे उत्तर चालत नाही. जागा लक्षात ठेवा, लांबून फोटो काढा, वनरक्षकाला फोन करा.

दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. शेजारच्या सिंधुदुर्गात माकडतापाच्या साथी येऊन गेल्या आहेत. हा आजार गोचिडीतून पसरतो आणि माकडं त्याने मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी नवीन शरीर शोधत असतात. काठीनेसुद्धा उलटंपालटं करून बघू नका.

माणसाच्या खऱ्या हाडांच्या मागेही लागू नका. "सीनियरकडे एक सेट आहे, देतो" असं सांगणारे भेटतात. तो सेट कुठून आला, हे त्यालाही माहीत नसतं. प्लास्टिकचं चांगलं मॉडेल घ्या. शिवणी म्हणजे हाडांचे सांधे उठावदार आणि खालचा जबडा सुटा होणारा, एवढं बघून घ्या.

२. पिशवीत काय हवं

- व्हर्नियर कॅलिपर, १५० मिलिमीटरचा. उद्यमनगरात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. फौंड्रीवाल्यांच्या गावात राहण्याचा हा फायदा. डिजिटल घेतलात तरी आधी साधा वाचायला शिका. सेल संपतो तेव्हा संग्रहालयात दुकान नसतं.
- शिंप्याची मऊ टेप, वाकडी मापं घेण्यासाठी.
- दहा पट मोठं दाखवणारं भिंग. सोनारकाम करणाऱ्यांकडे असतं तसं.
- छोटी टॉर्च. उजेड बाजूने तिरका टाकला की दाढांवरचे उंचवटे आणि शिवणी उठून दिसतात; समोरून टाकला की सगळं सपाट दिसतं.
- जाड फोम किंवा वाळूने भरलेली कापडी पिशवी, कवटी टेकवायला. कवटी कधीही नुसत्या फरशीवर ठेवू नका. आणि डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नका; खोबणीची आतली भिंत कागदाइतकी पातळ असते.
- आखीव वही आणि पेन्सिल. संग्रहालयात शाईचं पेन बाहेर काढायला लावतात.
- फोटोत ठेवायला सेंटिमीटरची पट्टी.

३. पहिली कवटी मटणाच्या दुकानातून

माकडाची कवटी मिळेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. बोकडाची मुंडी कायदेशीर आहे, स्वस्त आहे आणि कोल्हापुरात तिला तोटा नाही. फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवा: मुंडी भाजायची नाही, फोडायचीही नाही. भाजली की हाड तडकतं. भेजा काढायला सुरा मधोमध मारला, की आपल्याला हवा तो भाग गेला. दुकानदार विचित्र नजरेने बघेल. कॉलेजचं नाव सांगितलं की समजून घेतो.

कातडं आणि मोठं मांस सुरीने काढा, हातमोजे घालूनच. मग पाण्यात मंद आचेवर ठेवा. खळखळ उकळायचं नाही, नाहीतर चरबी हाडात मुरते आणि महिन्याभराने कवटी पिवळी, तेलकट होते. मांस सैल झालं की जुन्या टूथब्रशने घासा. भेजा मागच्या भोकातून वाकवलेल्या तारेने आणि पाण्याच्या धारेने काढा. हे सगळं पाणी चाळणीतून ओता, कारण पुढचे दात सुटून पडतात आणि एकदा मोरीत गेले की गेले. नंतर काही दिवस धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात, पाणी बदलत. शेवटी मेडिकलमधलं तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीचिंग पावडर अजिबात नको. हाड वरून पांढरं दिसतं आणि आतून भुसभुशीत होतं. सुकवायची सावलीत. हा उद्योग गच्चीवर करा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

आता ती कवटी समोर घेऊन तीन गोष्टी बघा.

पहिली, दातांची संख्या. बोकडाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, तिथे नुसती कडक गादी असते. तरी एकूण दात मोजलेत तर ३२ भरतात. तुमचेही ३२, माकडाचेही ३२, दक्षिण अमेरिकेतल्या इवल्याशा मार्मोसेटचेही ३२. "३२ दात म्हणजे माणसाजवळचा" असं कुणी लिहिलं, तर त्याच्यासमोर ही मुंडी ठेवायची.

दुसरी, डोळ्याच्या मागची बाजू. खोबणीच्या बाहेरच्या कडेने हाडाचा एक पूल कपाळाकडून गालाकडे उतरतो. त्याच्या मागून बोट घातलंत तर थेट खोबणीत निघतं. चौकट आहे, मागे भिंत नाही. हे बोट घालून बघणं लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत सगळं यावरच आहे.

तिसरी, वय. वडगावच्या जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक आधी जनावराचं तोंड उघडतो: अदात, दोन दाती, चार दाती, जुळलेलं. तुम्हाला कवटीचं वय काढायचं आहे तेही याच रीतीने. कुठला दात आला, कुठला यायचाय, कुठला झिजला.

४. वय आधी, नर-मादी नंतर

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. चिंपांझीच्या पिलाची कवटी बघितलीत तर कपाळ गोल, तोंड आखूड, भुवयांचा कंगोरा नाही. माणसाच्या मुलाची म्हणून खपून जाईल. तोच चिंपांझी मोठा झाला की जबडा पुढे येतो, सुळे वाढतात, भुवयांवर हाडाची कड उभी राहते. दोन कवट्यांची तुलना करायची तर दोन्ही प्रौढ हव्यात, नाहीतर दोन्ही एकाच टप्प्यावरच्या.

बघायचं असं: शेवटची दाढ पूर्ण बाहेर आली आहे का? तळाशी, मोठ्या भोकाच्या पुढे, दोन हाडांमधला आडवा सांधा बुजला आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर प्रौढ. माणसाची पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते, चिंपांझीची तीन-चारच्या दरम्यान, माकडाची त्याहूनही लवकर. माणसाचं कोष्टक कपींना लावलं की वय फुगतं. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या टाउंगच्या पोराच्या (एका लहान मुलाच्या जीवाश्म कवटीच्या, आठव्या पायरीत ती पुन्हा येते) बाबतीत हेच झालं. आधी त्याचं वय सहाच्या आसपास धरलं होतं. दातांच्या इनॅमलमधल्या वाढीच्या रेषा मोजल्यावर ते तीन-चारवर आलं.

मग नर की मादी. माकडात, वानरात, गोरिलात नराचे सुळे डोळ्यात भरतात. गोरिलाच्या नराच्या डोक्यावर मधोमध हाडाची कड असते. जबडा मिटणारा स्नायू कानशिलावरून वर चढत जातो आणि टाळूवर जागा पुरेनाशी झाली की हाड उभं राहतं. मादीत ती कड नसते किंवा नावापुरती असते. हे माहीत नसलेला माणूस गोरिलाचा नर आणि मादी या दोन जाती ठरवून मोकळा होतो. उलट सापळा गिबनचा: तिथे नर-मादी दोघांचेही सुळे लांब. सुळ्यावरून नर ओळखायचा नियम गिबनला लावू नका.

जिवंत उदाहरण बघायचं असेल तर पन्हाळ्याकडे किंवा राधानगरीच्या वाटेवर दुर्बीण घेऊन बसा. प्रौढ नर जांभई देतो तेव्हा वरचे दोन सुळे पूर्ण दिसतात. ती जांभई बऱ्याचदा झोपेची नसते, समोरच्याला दिलेला दम असतो. खायला टाकून तोंड उघडायला लावू नका. माणसाच्या हातातलं खायची सवय लागली की त्यांचे हाल होतात, आणि पुढच्या पर्यटकाला चावा बसतो.

५. दात: इथे वेळ घाला

कवटीतला कुठलाही भाग फुटतो, दात टिकतात. जीवाश्मांत तर पुष्कळदा दातच हाती लागतात. म्हणून दातांवर निम्मा वेळ गेला तरी तो वाया जात नाही.

आधी दंतसूत्र. जबड्याच्या एका बाजूचे पटाशीचे दात, सुळा, उपदाढा, दाढा या क्रमाने मोजायचे. आफ्रिका-आशियातली माकडं, कपी आणि माणूस: २.१.२.३. दक्षिण अमेरिकेतली बहुतेक माकडं: २.१.३.३, म्हणजे एक उपदाढ जास्त, एकूण ३६. मार्मोसेटने उपदाढ ठेवली आणि शेवटची दाढ सोडली, २.१.३.२, म्हणून तोही ३२ वर आला. आपल्या सह्याद्रीतली लाजवंती, म्हणजे लोरिस, ३६ दातांची. तिच्या खालच्या जबड्यात पुढचे सहा दात आडवे होऊन फणी तयार झालेली असते. त्या फणीने ती अंगावरचे केस विंचरते. ही फणी दिसली की लेमूर-लोरिसचं घराणं.

नंतर दाढांचा माथा. टॉर्च बाजूने धरा. माकड आणि वानर यांच्या दाढेवर चार उंचवटे असतात. पुढचे दोन एका आडव्या धारेने जोडलेले, मागचे दोन दुसऱ्या. दोन्ही एकाच घराण्यातले, पण वानराचे उंचवटे जास्त उंच आणि धारदार असतात, कारण त्याला दिवसभर पाला कातरायचा असतो. माकडाचे बुटके, गोलसर. फळ, बिया, किडे, मंदिरातला प्रसाद, काहीही चालतं. दोन्हींच्या दाढांचे फोटो शेजारी ठेवून चित्र काढा. फोटो बघून लक्षात राहत नाही, काढून राहतं.

कपी आणि माणूस यांच्या खालच्या दाढेवर पाच उंचवटे असतात आणि मधली खाच इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटते. पुस्तकात हे फार छान दिसतं. माणसाच्या तोंडात मात्र दुसऱ्या खालच्या दाढेवर पुष्कळदा चारच उंचवटे सापडतात, म्हणून खूण पहिल्या दाढेवर शोधा. चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या झिजलेल्या दाढेवर तर काहीच सापडणार नाही.

सुळा आणि त्याची धार हा वेगळा विषय आहे आणि माझ्या मते दातांतला सर्वांत बोलका. माकडाच्या वरच्या सुळ्याची मागची कड खालच्या पहिल्या उपदाढेवर घासते आणि प्रत्येक वेळी तोंड मिटताना धार लागते. त्यासाठी ती उपदाढ लांबट, एकाच टोकाची असते. आपली तीच उपदाढ दोन टोकांची, साधी. आपला सुळा टोकाकडून झिजतो, मागून नाही. मानवाकडे येणाऱ्या फांदीवरचं जीवाश्म ओळखताना हा बदल बघतात. चाडमध्ये २००१ साली सापडलेल्या सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीच्या सहेलअँथ्रोपसवर इतका वाद होऊनही या फांदीच्या संदर्भात त्याचं नाव निघतं, त्याचं एक कारण त्याचा लहान, टोकाकडून झिजलेला सुळा.

६. डोळ्यामागची भिंत, कानाची नळी

मुंडीत बोट घातलं होतं ते आठवा. लोरिस, लेमूर यांच्यातही बोट आरपार जातं: पूल आहे, भिंत नाही. माकड, वानर, कपी, माणूस यांच्यात गालाच्या हाडाने आणि शेजारच्या हाडांनी मागून भिंत उभी केली आहे, बोट अडतं. टार्सियर (मोठ्या डोळ्यांचा छोटा निशाचर प्राणी) मधला: भिंत आहे, पण अर्धवट. एवढी एक तपासणी केली तरी कवटी कुठल्या मोठ्या गटातली ते कळतं. मात्र बोकडाचाही पूल असतो हे विसरू नका; पूल आहे म्हणून प्रायमेट (लेमूर-लोरिसपासून माणसापर्यंतचा हा सगळा गट), असं होत नाही.

खोबणीचा आकारही बघा. चेहऱ्याच्या मानाने फार मोठी असली तर प्राणी निशाचर असण्याची शक्यता जास्त. टार्सियरचा एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा भरतो.

मग कान. माकड, वानर, कपी, माणूस यांच्यात बाहेरच्या भोकापासून आत जाणारी हाडाची नळी असते. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांत नळी नसते, नुसतं कडं असतं. आणखी एक खूण कानशिलावर: दक्षिण अमेरिकेतल्या माकडांत गालाचं हाड मागे जाऊन डोक्याच्या बाजूच्या हाडाला टेकतं, आपल्याकडच्या माकडांत त्या दोघांच्या मध्ये कपाळाचं आणि जतुकास्थी नावाचं हाड येतं. सुरुवातीला शिवणी दिसत नाहीत. पुसट पेन्सिलीने गिरवून बघा. अर्थात मॉडेलवर, संग्रहालयातल्या कवटीवर पेन्सिल टेकवलीत तर पुन्हा आत घेणार नाहीत.

७. मेंदूची जागा आणि तळाचं भोक

मापं घ्यायच्या आधी कवटी नीट बसवा. खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत यायला हवी. ही पातळी १८८४ मध्ये फ्रँकफर्टला ठरली, नावही तेच. कवटी वाकडी ठेवून काढलेल्या फोटोवरून "कपाळ उभं आहे" असं लिहिण्यात अर्थ नाही.

मेंदूची जागा मोजायला घरी मोहरी पुरते. मुंडीची बारीक भोकं कापसाने बंद करा, मागच्या भोकातून मोहरी भरा, हलक्या हाताने ठोकून बसवा, मग मोजपात्रात ओता. तीन-चारदा करून सरासरी घ्या, कारण दर वेळी थोडा फरक पडतो. बोकडाचा आकडा टोपी माकडाच्या आकड्यापेक्षा मोठा निघतो. म्हणून नुसता आकडा लिहू नका, अंगाचं वजनही लिहा. बोकड माकडाच्या कितीतरी पट जड. ढोबळ आकडे लक्षात असू द्यात: चिंपांझी ४०० घन सेंटिमीटरच्या आसपास, गोरिला ५००, ऑस्ट्रेलोपिथेकस (आफ्रिकेतला मानवाच्या फांदीवरचा जुना जीव) ४५० च्या आसपास, आजचा माणूस सरासरी १३५०. निअँडरथाल या नामशेष मानवाचा मेंदू आपल्यापेक्षा लहान नव्हता. उलट सरासरी थोडी जास्तच भरते.

तळाचं मोठं भोक म्हणजे महारंध्र. माणसात ते जवळजवळ मध्यावर, कारण डोकं मणक्यावर तोललेलं. माकडात, चिंपांझीत मागे सरकलेलं. सरळ चालणारा प्राणी ओळखायची ही आवडती खूण आहे. सापळा पुन्हा वयाचाच: कपींच्या पिलांत हे भोक बरंच पुढे असतं आणि वाढताना मागे जातं. पिलाच्या कवटीवरून चालण्याबद्दल बोलताना जपून.

८. जीवाश्मांकडे वळताना

इथपर्यंतचं हातात बसल्याशिवाय जीवाश्म उघडू नका. मूळ हाडं तुम्हाला कुणी देणार नाही, पण पडद्यावर फिरवून बघायची सोय उत्तम आहे. टेक्सास विद्यापीठाचं ई-स्केलेटन्स तुलनेसाठी, स्मिथसोनियनच्या मानवी उगमाच्या विभागातली त्रिमितीय मॉडेल्स, पूर्व आफ्रिकेसाठी आफ्रिकन फॉसिल्स आणि सर्वांत मोठा साठा मॉर्फोसोर्सवर. मॉर्फोसोर्सवर खातं काढावं लागतं. काही फाइली लगेच उतरतात, काहींसाठी संग्रहालयाची परवानगी मागावी लागते. फाइल मिळाली की फौंड्रीसाठी पॅटर्न म्हणजे साचे बनवणाऱ्या एखाद्याकडून थ्री-डी प्रिंट काढून घ्या. पूर्ण मापात काढा. पैसे वाचवायला निम्म्या मापात काढलं की शिवणी आणि दाढांचे उंचवटे पुसले जातात आणि हातात खेळणं राहतं.

कुठल्या क्रमाने बघायचं? माझा क्रम असा.

आधी इजिप्तमधल्या फायूमचा इजिप्टोपिथेकस, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा. बोट घालायची तपासणी करा: भिंत आहे. दात मोजा: २.१.२.३. कान बघा: नळी नाही! मेंदू लहान, थोबाड लांब. म्हणजे आपल्या घराण्याची लक्षणं एकगठ्ठा आली नाहीत. हे एका कवटीत जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं दहा व्याख्यानांत दिसत नाही.

मग आपल्याकडचा शिवापिथेकस. इथे जरा थांबतो. १९३२ साली हिमाचलमधल्या हरितल्यांगरला जी. एडवर्ड लुईस यांना वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. त्याला रामापिथेकस नाव मिळालं. सुळा लहान असावा, दाढेचं इनॅमल जाड आणि दातांची कमान माणसासारखी गोलाकार, असं म्हणत साठच्या दशकात त्याला माणसाचा पूर्वज म्हणून बसवलं गेलं. पाठ्यपुस्तकांतही तो गेला. गंमत अशी की जबड्याचा मधला भागच सापडला नव्हता. दोन बाजू कशा जोडायच्या हे जोडणाऱ्यावर होतं. १९६७ मध्ये सारिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून माणूस आणि आफ्रिकी कपी वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षं झाल्याचं मांडलं. रामापिथेकस त्याहून कितीतरी जुना. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा चेहरा सापडला आणि १९८२ मध्ये त्याचं वर्णन आलं. उभट खोबणी, दोन डोळ्यांत अरुंद अंतर, बाजूने बघितलं तर आत दबलेला चेहरा: थेट ओरांगउटानची आठवण. रामापिथेकस शिवापिथेकसमध्ये विलीन झाला. शिवापिथेकसचं दंडाचं हाड मात्र ओरांगउटानसारखं नाही, त्यामुळे तो नेमका कुठे बसवायचा यावर अजून बोलणं चालू आहे. तुमच्या घरात जुनं पुस्तक असेल आणि त्यात रामापिथेकस माणसाच्या रांगेत उभा असेल, तर ते पान पेन्सिलीने खोडा.

तिसरी जोडी: पिल्टडाउन आणि टाउंग. १९१२ साली इंग्लंडमध्ये मोठ्या मेंदूची कवटी आणि कपीसारखा जबडा "सापडला". माणसात आधी मेंदू वाढला असणार, असं तिथल्या बऱ्याच विद्वानांना वाटतच होतं, म्हणून खपून गेलं. दक्षिण आफ्रिकेतला टाउंग १९२५ साली रेमंड डार्ट यांनी मांडला: मेंदू लहान, पण सुळे लहान आणि महारंध्र पुढे. उलटा क्रम. त्याच्याकडे बरीच वर्षं "कपीचं पिल्लू" म्हणून दुर्लक्ष झालं. १९५३ मध्ये पिल्टडाउन उघडं पडलं: माणसाची कवटी, ओरांगउटानचा जबडा, दात कानशीने घासलेले, रंग चढवलेला. घासल्याच्या रेघा भिंगातून दिसत होत्या. भिंग लावून कुणी नीट बघितलं नव्हतं, एवढंच.

चौथा, मेरी लीकी यांना १९५९ मध्ये टांझानियातल्या ओल्डुवाईला मिळालेला पॅरान्थ्रोपस बॉइसी, मानवाच्या फांदीवरचाच एक नामशेष जीव. टाळूवर कड बघून गोरिला म्हणू नका. सुळे आणि पटाशीचे दात बघा, किती लहान आहेत; दाढा बघा, केवढ्या मोठ्या. कड ही चावण्याच्या ताकदीची खूण, नात्याची नाही.

आणि पाचवी, नर्मदेची कवटी. ५ डिसेंबर १९८२ ला मध्य प्रदेशातल्या हथनोऱ्याला अरुण सोनकिया यांना मिळाली. कवटीचा वरचा भाग, तोही मुख्यतः उजव्या बाजूचा. दात नाहीत, जबडा नाही. मेंदूच्या जागेचे अंदाज ११५५ पासून १४२१ घन सेंटिमीटरपर्यंत गेले. आधी होमो इरेक्टस, म्हणजे आपल्या आधीची एक मानवजात, म्हटलं गेलं, नंतर अनेकांनी तिला सेपियन्सच्या, म्हणजे आजच्या माणसाच्या, जवळ सरकवलं. पाचव्या पायरीतलं काहीच वापरता येत नाही, तेव्हा काय काय हातातून जातं ते बघायला ही कवटी चांगली.

९. खऱ्या कवट्या बघायची परवानगी

न्यू पॅलेसच्या संग्रहालयातले पेंढा भरलेले प्राणी बघायला जरूर जा, पण त्यांच्यावरून हाडांबद्दल काही लिहू नका. कातड्याखाली काय आहे ते दिसत नाही आणि चेहऱ्याचा आकार भरणाऱ्याच्या हातावर असतो.

कवट्यांसाठी आधी आपल्या कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग, मग शिवाजी विद्यापीठाचा. त्यापुढे पुणे-मुंबई: आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणचं केंद्र, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस). पुरातत्त्वीय हाडांसाठी डेक्कन कॉलेज. अचानक जाऊन दारात उभं राहू नका. सोबत लागणारे कागद साधारण असे:

- विभागप्रमुखांचं किंवा मार्गदर्शकांचं लेटरहेडवरचं पत्र, सही-शिक्क्यासह
- कॉलेजचं ओळखपत्र आणि आधारची प्रत
- एका पानाचा अर्ज: कुठल्या जाती, किती कवट्या, कुठली मापं, किती वेळ
- फोटो काढायचे असतील तर त्याची वेगळी विनंती आणि ते कुठे वापरणार ते

सगळे अडकतात ते तिसऱ्या कागदावर. "प्रायमेट कवट्यांचा अभ्यास करायचा आहे" असं मोघम लिहिलेला अर्ज टेबलावरच राहतो. "टोपी माकड, प्रौढ, नर आणि मादी, सुळ्याची उंची, खालच्या पहिल्या उपदाढेची लांबी, दाढांची रांग, प्रत्येक माप दोनदा" असं लिहिलं की संग्रहपालाला कुठला ड्रॉवर उघडायचा ते कळतं. ईमेल करा, आठवड्याने फोन करा. परीक्षेच्या आणि मार्चअखेरच्या दिवसांत उत्तराची वाट बघू नका.

तिथे गेल्यावर प्रत्येक कवटीचा नोंदणी क्रमांक पहिल्यांदा उतरवा, मग माप. क्रमांक नसलेलं माप नंतर कुणालाच तपासता येत नाही. चिठ्ठीवरची जात, नर-मादी, सापडल्याचं ठिकाण जसंच्या तसं लिहा, आणि तुमचं मत शेजारच्या रकान्यात. जुन्या चिठ्ठ्या चुकतात. प्रौढ नर म्हणून लिहिलेल्या कवटीत शेवटची दाढ अजून जबड्यातच असेल, तर संग्रहपालाला नम्रपणे दाखवा; चिठ्ठी स्वतः बदलू नका. परत आल्यावर मापांची एक प्रत आणि फोटो त्यांना पाठवून द्या. दुसऱ्यांदा अर्ज कराल तेव्हा त्यांना तुमचं नाव आठवेल.